जपानी विभागाची मान

कोणत्याही महाविद्यालयात एखादा विषय वर्षानुवर्षं शिकवला जातो, याचं खरं कारण तो बंद करायचं कोणाच्या लक्षात आलेलं नसतं. हे सत्य कटू असलं तरी विषयांच्या प्रकृतीला चांगलं मानवतं. ज्या विषयाकडे कोणाचंच लक्ष नाही तो सुखाने शंभरी गाठतो. आणि ज्याच्याकडे एकदा लक्ष गेलं, त्याच्यावर समिती नेमली जाते.

जपानी विभागाकडे एकोणीस वर्षं कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. विभाग तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या खोलीच्या पलीकडे होता. तिथे एक फळा, चौदा खुर्च्या (पैकी बसण्याजोग्या अकरा), एक टेपरेकॉर्डर आणि एक प्राध्यापिका एवढा सरंजाम होता. प्राध्यापिकांना सगळे सेन्सेईबाई म्हणत. जपानीत 'सेन्सेई' म्हणजेच सर किंवा बाई, तेव्हा सेन्सेईबाई म्हणजे बाईबाई झालं. पण हे समजावून सांगायला समोर कोणीतरी थांबावं लागतं, आणि तिकडे येणारा माणूस बहुधा झेरॉक्सच्या रांगेतला आपला नंबर जाईल या काळजीत असे.

महाविद्यालय लिबरल आर्ट्सचं होतं. लिबरल आर्ट्स ही अशी थोर शिक्षणपद्धती आहे, की तीत विद्यार्थी चार वर्षं सगळ्यातलं थोडं थोडं शिकतो आणि त्याचे नातेवाईक चार वर्षं 'म्हणजे पुढे काय?' हा एकच प्रश्न नेटाने विचारतात. इथे ताऱ्यांचा अभ्यास करणारा मातीची भांडी घडवायला शिके, भांडीवाला तर्कशास्त्र शिके, आणि ज्याला मंगळवारी अकरा वाजता दुसरं काहीच मिळालं नाही तो जपानी शिके. (विभागाने केलेल्या पाहणीनुसार जपानी घेण्याची कारणं: मंगळवारी अकराला वेळ मोकळा, ६१ टक्के, कार्टून, २७ टक्के, चुकीच्या खोलीत बसलो आणि मग उठायची लाज वाटली, ११ टक्के, जपानी शिकण्याची इच्छा, उरलेले.)

पहिल्या वर्षी चौदा मुलं येत. पहिल्या लिपीची शेहेचाळीस अक्षरं ती हसतखेळत गिरवत. मग बाई सांगत, की आता दुसरी लिपी. हिच्यातही अक्षरं तेवढीच आणि उच्चारही तेच. मुलं विचारत, "मग दुसरी कशाला?" बाई म्हणत, "पुढच्या वर्षी तिसरी आहे." तिसऱ्या लिपीत दोन हजारांवर अक्षरं आहेत हे कळताच काही मुलांची तब्येत बिघडे, काहींना एकाएकी अर्थशास्त्राची ओढ लागे. दुसऱ्या वर्षाला सहासात उरत. तिसऱ्या वर्षाला एखादं, तेही घरच्यांनी जबरदस्तीने परत नेलं नाही तर. आणि चौथ्या वर्षाला कोणीही नाही. एकोणीस वर्षांत चौथ्या वर्षाच्या वर्गात एकाही विद्यार्थ्याने पाऊल ठेवलं नव्हतं.

पण चौथ्या वर्षाचा अभ्यासक्रम तयार होता. तो एका हिरव्या फायलीत, बाईंच्या कपाटात वरच्या खणात होता, आणि दर सत्राच्या सुरुवातीला बाई त्याच्यावरची धूळ पुसत. त्या फायलीत एकतीस पत्रं होती. बाई विद्यार्थिनी असताना जपानात दोन वर्षं एका म्हाताऱ्या बाईच्या घरी भाड्याने राहिल्या होत्या. बाई परत आल्यावर त्या घरमालकीणकाकूंनी पुढे बरीच वर्षं हाताने पत्रं लिहिली. जुन्या वळणाची, एका अक्षराचा पाय दुसऱ्याच्या गळ्यात अशी अक्षरं. काकू आता राहिल्या नव्हत्या. चौथ्या वर्षी विद्यार्थ्याने शब्दकोश बाजूला ठेवून ही पत्रं वाचायची, असा तो अभ्यासक्रम होता. बाईंनी आयुष्यात शिकवायला म्हणून जे काही शिकवलं ते या फायलीपर्यंत कोणीतरी पोचावं म्हणून शिकवलं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण असलं काही सांगण्याचा रकाना कुठल्याच फॉर्मवर नव्हता.

यंदा मात्र एक मुलगी पोचत होती.

ही मुलगी गणित सोडून आली होती आणि तिला वर्गात शंकासूर म्हणत. तिला एक वाईट खोड होती. एखादी गोष्ट कळली नाही, की ती हात वर करून "मला कळलं नाही" असं म्हणे. लाजत नाही, माफी मागत नाही, सरळ म्हणे. शाळेपासून तिच्या प्रगतिपुस्तकात 'हुशार आहे, पण विचारते' असा शेरा पडत आला होता. ती आता तिसऱ्या वर्षाला होती, दोन हजारांपैकी सोळाशे अक्षरं तिला येत होती, घरच्यांनी परत नेलं नव्हतं आणि तब्येत ठणठणीत होती. बाईंनी फायलीला नवी दोरी बांधली.

नेमक्या याच वेळी जपानी विभाग अजून चालू आहे, ही गोष्ट प्राचार्यांच्या लक्षात आली. प्राचार्य मनाने फार चांगले गृहस्थ होते. त्यांना कोणताही विभाग बंद करायला आवडत नसे. तो आपोआप बंद पडावा एवढीच त्यांची इच्छा असे. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

"बाई, नियम काही मी केलेले नाहीत," ते म्हणाले. नियम त्यांनीच केले होते. "पण आता प्रत्येक विभागाला दाखवून द्यावं लागेल, की त्याच्यातून विद्यार्थ्याला कुठेही वापरता येईल असं एक कौशल्य मिळतं. समिती येईल, वर्गात बसेल, शंभरपैकी गुण देईल. साठच्या खाली आले, तर सत्र संपताच विभाग बंद."

"भाषा हेच कौशल्य आहे की, सर."

"ती जपानातच वापरता येते ना पण?" प्राचार्य दुःखाने म्हणाले. "आणि तुमच्या खोलीत नवउद्योजक कक्ष करायचाय. गाद्या आल्यासुद्धा."

कुठेही वापरता येणारी कौशल्यं इतर विभागांनी केव्हाच शोधून ठेवली होती. तत्त्वज्ञान विभागाने 'वेळ घालवणे' याचं 'संयम-व्यवस्थापन' केलं होतं. नाट्यविभागाने 'रडणे' आणि 'रडू आवरणे' अशी दोन दाखवून जादा अनुदान मिळवलं होतं. इतिहास विभागाने 'झालं गेलं विसरून जाणे' असं लिहिलं आणि ते मंजूर झालं. बाईंनी मात्र फॉर्मवर सरळ 'जपानी वाचता, लिहिता, बोलता येते' असं लिहिलं. इतकं निर्बुद्ध उत्तर आजवर आलं नसल्यामुळे कार्यालयात तो फॉर्म हातोहात फिरला.

इथे जपानी शिकवण्यातली एक बारीक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला जसा हुंकार लागतो, तसा जपानीत बोलणाऱ्या प्रत्येकाला लागतो. समोरचा बोलत असताना ऐकणाऱ्याने दर चारदोन शब्दांनी मान हलवायची, मधेच 'हाय' म्हणायचं, मधेच 'असं होय!' या अर्थी 'नारुहोदो' म्हणायचं. याचा अर्थ 'मी ऐकतोय' एवढाच. 'पटलं' असा नाही, 'कळलं' असा तर मुळीच नाही. हुंकार दिला नाही तर बोलणाऱ्याला वाटतं, समोरचा खपला. बाईंनी हे पहिल्या वर्षापासून मुलांकडून घोटून घेतलं होतं. टेपरेकॉर्डरवर एक जपानी गृहस्थ आपली हरवलेली छत्री कुठे कुठे शोधली ते सांगे आणि चौदा माना त्याच्या दर श्वासाला खाली जात. मुलांना छत्री सापडली की नाही हे शेवटपर्यंत कळत नसे. पण माना अचूक पडत.

समिती मंगळवारी अकराला आली. समितीत तिघे होते: अध्यक्ष, अध्यक्षांना दुजोरा देणारे सदस्य, आणि चहाला आलेले सदस्य. बाईंनी तिन्ही वर्षांची मिळून अकरा मुलं (खुर्च्यांच्या हिशेबाने) बसवली होती. अध्यक्ष म्हणाले, वर्ग सुरू होण्यापूर्वी मी प्रस्तावनेचे दोन शब्द बोलतो. आणि ते बोलू लागले.

अध्यक्ष चौतीस वर्षं बोलत आले होते. सभांतून, समित्यांतून, निरोपसमारंभांतून ते बोलले होते, आणि चौतीस वर्षं त्यांच्यासमोर लोक घड्याळं पाहत आले होते, नखं पाहत आले होते, डोळे उघडे ठेवून झोपत आले होते. घरी तर त्यांनी बोलायला तोंड उघडलं की मिक्सर लागे. आणि आज, त्यांच्या पहिल्या वाक्याच्या पहिल्या स्वल्पविरामाला, अकरा माना हळुवारपणे खाली गेल्या.

अध्यक्ष दचकले. त्यांना वाटलं, खाली काही पडलं असावं. त्यांनी आणखी चार शब्द टाकून पाहिले. माना पुन्हा हलल्या. पहिल्या खुर्चीवरचा मुलगा पुटपुटला, "नारुहोदो." अध्यक्षांचा आवाज घोगरा झाला. दोन शब्दांची प्रस्तावना पन्नास मिनिटं चालली. तीत समग्र परिणामकेंद्री विकास, त्यांचं बालपण, एक जुना हर्निया आणि धाकट्या भावाने वाटणीत केलेला अन्याय एवढं सगळं आलं, आणि प्रत्येक मुद्द्याला माना आपापल्या जागी, आपापल्या खोलीने पडत राहिल्या. हर्नियाला तर एका मुलीने दुहेरी मान दिली. अध्यक्षांनी रुमाल काढला. शिकवणं पाहायला वेळच उरला नाही.

फक्त शंकासूरने हात वर केला. "सर, समग्र परिणामकेंद्री म्हणजे काय? मला कळलं नाही."

अध्यक्षांनी दुजोऱ्याच्या सदस्यांकडे पाहिलं. त्यांनी चहाच्या सदस्यांकडे पाहिलं. चहाच्या सदस्यांनी कपात पाहिलं.

विभागाला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळाले. अहवालात लिहिलं होतं: 'विद्यार्थ्यांना सर्व काही कळते. त्यांची आकलनशक्ती पाहून समितीचा कंठ दाटून आला. हे कौशल्य कोठेही वापरता येण्याजोगे आहे. (एका विद्यार्थिनीला मात्र काही कळत नसल्याने दोन गुण वजा.)'

बाईंना आनंद झाला नसता तर त्या माणूस नव्हेत. विभाग वाचला होता, म्हणजे चौथं वर्ष वाचलं होतं. त्या जिना दोनदोन पायऱ्या चढून वर गेल्या, कपाट उघडून फाईल पाहिली आणि एकट्याच हसल्या. मग प्रामाणिक माणूस जी चूक करतो ती त्यांनी केली. खाली जाऊन त्यांनी प्राचार्यांना खरं सांगितलं.

"सर, मुलांना कळलं म्हणून नव्हती त्यांनी मान हलवली. त्या मानेचा अर्थ फक्त 'ऐकतोय' असा असतो."

"म्हणजे न कळताही इतकं छान ऐकता येतं?" प्राचार्य उभे राहिले. "बाई, हे तुम्ही एकोणीस वर्षं लपवून ठेवलंत?"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तो असा. पुढच्याच सत्रापासून 'मान-कौशल्य' हा विषय सगळ्या महाविद्यालयाला सक्तीचा झाला, बाई त्याच्या प्रमुख झाल्या, आणि जपानी विभागाची पटसंख्या एकवीसवरून सहाशे चाळीसवर गेली. गाद्या परत पाठवल्या. झेरॉक्सची खोली पाडून विभागाला जोडली. मुलं अर्थशास्त्र सोडून इकडे येऊ लागली, आणि अर्थशास्त्राच्या प्रमुखांनी ही बातमी मान डोलावत ऐकली.

परिणाम असे दिसले, की शत्रूनेही कौतुक करावं. पूर्वी तीन तास वीस मिनिटं चालणारी शिक्षकसभा पंचवीस मिनिटांत आटपू लागली. तक्रारी चौऱ्याण्णव टक्क्यांनी घटल्या, कारण तक्रार घेऊन आलेल्या माणसासमोर हेडक्लार्क इतकी समजूतदार मान हलवत, की तो भारावून निघून जाई आणि पुन्हा येत नसे. (वाचनालयाचं छत सात ठिकाणी गळत होतं. आता नऊ ठिकाणी गळतं. पण त्याबद्दल बोलून कसं मोकळं वाटतं, असं ग्रंथपाल म्हणतात.) मराठीत 'पालथ्या घड्यावर पाणी' अशी एक म्हण आहे. ती अडगळीत गेली, कारण घडा पालथा असला तरी तो मान हलवतोय म्हटल्यावर ओतणाऱ्याला आणखी काय हवं? कंटाळवाणे म्हणून गाजलेले प्राध्यापक तासाच्या शेवटी घामाघूम, तृप्त, दहा वर्षांनी तरुण होऊन बाहेर पडू लागले. तर्कशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी नव्वद मिनिटं फळ्यावर चुकीचं गणित केलं. पन्नास माना शेवटपर्यंत त्यांच्या पाठीशी होत्या. ते उत्तर आता पाठ्यपुस्तकात आहे.

थोडा शारीरिक त्रास झाला, नाही असं नाही. व्यायामशिक्षकांची मान उत्साहाच्या भरात लचकली आणि त्यांना गळ्याला पट्टा बांधावा लागला. पट्टेवाला माणूस किती ऐकून घेत असेल, या विचाराने लोक त्यांना अदबीने वाट देऊ लागले. महिन्याभरात ज्यांचं काहीही दुखत नव्हतं अशा अकरा ज्येष्ठ प्राध्यापकांनी पट्टे घेतले. उपप्राचार्यांचा मखमली होता.

बाईंच्या घरी मात्र या यशाचं म्हणावं तितकं चीज झालं नाही. बाईंचा नवरा दातांचा डॉक्टर होता. दिवसभर त्याच्याशी बोलणाऱ्याचं तोंड सताड उघडं आणि उत्तर फक्त 'आँ', त्यामुळे घरी आल्यावर त्याला शब्दांची भूक असे.

"ताई आणि भावजी रविवारी येतायत, चालेल ना?" त्याने विचारलं.

बाईंनी मान हलवली.

"का नको सांगू? तुझे पेपर तपासायचे असतील."

बाईंनी मान हलवली.

"अगं, हो की नाही? नुसता नंदीबैल झालीयस! माझे पेशंटसुद्धा भूल उतरली की बोलतात."

"अरे, ऐकत होते मी," बाई म्हणाल्या.

"ऐकलंस ते दिसलं. म्हणणं काय तुझं?"

बाई विचारात पडल्या. आपलं म्हणणं काय, हे त्यांना चटकन आठवेना. रविवारी ताई आणि भावजी आले, जेवले, तीन तास बोलले, आणि वहिनीसारखी गुणी माणसं आता राहिली नाहीत असं म्हणून गेले.

एका गुरुवारी शंकासूर विभागात आली. बाहेर दीडशे मुलांचा मानेचा तास चालू होता आणि लाउडस्पीकरवरून छत्रीवाले गृहस्थ अजून छत्री शोधत होते. ती म्हणाली, "सेन्सेई, चौथ्या वर्षी आपण काय वाचणार ते आत्ता बघू का? नुसतं बघते."

बाईंनी दोरी सोडली. शंकासूरने सगळ्यात वरचं, म्हणजे काकूंचं शेवटचं पत्र घेतलं. अर्धा तास बोट एकेका अक्षरावर ठेवून ती खाली खाली येत गेली आणि कागदाच्या कडेला, मागाहून सुचल्यासारख्या उभ्या लिहिलेल्या एका ओळीवर थांबली.

"ही ओळ मला कळली नाही," ती म्हणाली. मग तिने वर पाहिलं. "तुम्हाला?"

ते पत्र येऊन बारा वर्षं झाली होती. बाईंनी ती ओळ शेकडो वेळा पाहिली होती. काकूंना त्यांनी तेव्हा 'तुमचं पत्र वाचून आनंद झाला' असं उत्तर पाठवलं होतं, आणि पुढच्याच थंडीत काकू गेल्या. विभागप्रमुखाला ओळ लागत नाही, हे सांगायचं कोणाला? बाईंची मान सवयीने हलू लागली होती. ती त्यांनी धरली, अगदी हाताने धरली.

"मलाही नाही," त्या म्हणाल्या.

आणि त्यांना इतकं हलकं वाटलं, की त्या हसू लागल्या. शंकासूरही हसू लागली. दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग दोघींनी मिळून त्या ओळीतलं एक अक्षर लावलं. ते 'छत' असावं किंवा 'डाळिंब'. दोन्हींवर दोघींचं कडाडून भांडण झालं. बाईंना एकोणीस वर्षांत इतका सुंदर तास मिळाला नव्हता. "पुढच्या वर्षी लावूच ही," शंकासूर जाताना म्हणाली.

पुढच्या वर्षीचा विषय विद्यासभेत अकराव्या क्रमांकावर होता. सहाशे चाळीस मुलांपैकी पुष्कळांनी लेखी कळवलं होतं, की मान शिकताना भाषा मधे मधे येते. विभागाचा वाढता व्याप पाहून प्राचार्यांनी ठराव तयार केला: 'दुसऱ्या वर्षापासून पुढील भाषा-अध्यापन कमी करावे, व चौथ्या वर्षाचा अभ्यासक्रम बंद करावा, कारण त्यात वाचन असून, वाचताना मान खालीच राहते, वर येत नाही. सबब ती अर्धीच हालचाल होय.' या युक्तिवादात दोष काढायला जागा नव्हती.

बाईंनी दोन पानी भाषण लिहून आणलं होतं. शंकासूर बाहेर व्हरांड्यात उभी होती. हरकत असेल त्याने हात वर करावा, अशी सभेची पद्धत होती. बाईंनी उजवा हात मोकळा राहावा म्हणून पर्स डाव्या खांद्याला लावली होती. काकूंची ओळ, ती मुलगी, कपाटातला वरचा खण, सगळं त्या एका हातावर होतं.

प्राचार्य वाचू लागले. पण प्राचार्यांनीही प्रशिक्षण घेतलं होतं. कुठे थांबावं हे त्यांना उत्तम कळत होतं.

"चौथ्या वर्षाचा अभ्यासक्रम," ते म्हणाले आणि थांबले. सभागृहातल्या चाळीस माना हलल्या. "ज्यात आजवर एकही विद्यार्थी नव्हता," ते थांबले. "तो बंद करावा." ते थांबले.

बाईंना आपली मान हलल्याचं तिसऱ्या वेळेस कळलं.

सगळा प्रकार नऊ सेकंदांत झाला. हेडक्लार्कने लिहून घेतलं: 'एकमताने मंजूर. विभागप्रमुखांनी तीन वेळा मान डोलावून ठरावास जोरदार पाठिंबा दिला.'

"सर, थांबा!" बाई उठून उभ्या राहिल्या. हात वर केला. "मी नुसती ऐकत होते! मला हे मान्य नाही!"

"बोला ना बाई, बोला," प्राचार्य मायेने म्हणाले.

बाई बोलल्या. दोन पानं कधीच बाजूला पडली. त्यांनी एकतीस पत्रांबद्दल सांगितलं, काकूंबद्दल सांगितलं, आणि त्या ओळीबद्दल, जी आपल्याला बारा वर्षं कळलेली नाही, ती भर सभेत सांगितली. एकोणीस वर्षांत एकच मुलगी तिथवर आली आहे हो, असंही त्या म्हणाल्या. त्यांचं बोलणं इतक्या मनापासून कधीच कोणी ऐकलं नव्हतं. प्रत्येक वाक्याला चाळीस माना पडत होत्या. साध्या, दुहेरी, खोल. पट्टेवाले ज्येष्ठ कमरेतून वाकत होते. अर्थशास्त्राच्या प्रमुखांनी डोळे पुसले. कोणीतरी गहिवरून "नारुहोदो" म्हणालं. बाईंनी चाळीस जणांना स्वतः शिकवलं होतं आणि एकाचीही मान चुकली नाही.

त्या खाली बसल्या.

"विषय बारा," हेडक्लार्क म्हणाले. "पार्किंग."

व्हरांड्यात शंकासूरने विचारलं, "काय झालं?"

"सगळ्यांनी ऐकून घेतलं," बाई म्हणाल्या.

"मग?"

बाईंनी पर्स परत उजव्या खांद्याला लावली. शंकासूर म्हणाली, "मला कळलं नाही." मग ती ठरावाची प्रत मागायला कार्यालयात गेली.

ठरावाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक तरतूद असते, जी वाचणारी ती पहिलीच. मुदतीत पन्नास हरकती आल्या, तर ठराव पुन्हा सभेपुढे ठेवावा लागतो. हरकत बाहेरच्या माणसाचीही चालते. दुसऱ्या दिवसापासून शंकासूर आणि सेन्सेईबाई फाटकाशी एक वही घेऊन उभ्या राहू लागल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून त्या सगळी हकिकत सांगत. लोक थांबत. लोक फार चांगले आहेत. ते शेवटपर्यंत ऐकत, 'अरेरे' म्हणत, 'हे व्हायला नको होतं' म्हणत, मान हलवत आणि कामाला जात. आज आठवा दिवस. वहीत दोन हरकती आहेत, आणि त्या दोन्ही कोणाच्या हे सांगायची गरज नाही.

मुदत अजून संपलेली नाही. म्हणूनच ही हकिकत इथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत, काही न वगळता, आपल्याला सांगण्यात आली. आपण ती इथवर वाचलीत. तेव्हा रीतीप्रमाणे विचारण्यात येत आहे, की चौथं वर्ष बंद करण्यास ज्या वाचकांची हरकत असेल त्यांनी आत्ता, बसल्या जागी, हात वर करावा.

(अर्धं मिनिट वाट पाहण्यात आली. वाचकांनी अत्यंत सहानुभूतीने मान डोलावली, याबद्दल विभाग त्यांचा आभारी आहे. हात एकही वर आलेला नाही. ठराव कायम.)